पंधरा आणि पन्नास यांच्यामधली गाडी

मार्च लागला की नागपूरकर कूलर बाहेर काढतात. माझ्या कूलरची टाकी यंदा तळातून गेली होती, म्हणून ती स्कूटरला बांधून कामठी रोडवरच्या एका कबाड्याकडे नेली. तो टाकी तोलत होता आणि मी सवयीनं त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ढिगाकडे बघत होतो. कुकरची झाकणं, खिडक्यांच्या पट्ट्या, पंख्याची पाती, आणि त्यांच्या मधोमध क्रँककेसचा, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचाचा, अर्धा भाग. शेजारी दोन सिलिंडर पडलेले, एकाच्या फिन्स, म्हणजे इंजिन गार करणाऱ्या पट्ट्या, तुटलेल्या. हात लावायच्या आधीच ओळख पटली. राजदूत ३५० मोटारसायकल. जिला देशभर नुसतं 'आरडी' म्हणतात, ती.

"कुठून आली?"

"बापाची होती म्हणे. पोरगा पुण्याले राह्यते. कागद कधीचेच संपले होते, दंड वाढून वाढून गाडीहून मोठा होऊन रायला होता. आणून टाकली."

"आणि क्रँक?"

"थो कापला ना भाऊ."

त्या पोराला मी दोष देणार नाही. पुण्यात राहून नागपूरच्या अंगणातली बंद गाडी सांभाळायची, तिच्या नोंदणीसाठी खेटे घालायचे, दंड भरायचा, आणि एवढं करून तिला कायद्यात कुठलीच वेगळी जागा नाही हे कळायचं. कोणीही व्यवहारी माणूस हेच करेल. माझं भांडण त्या रिकाम्या जागेशी आहे.

खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले, आणि ते बऱ्यापैकी समंजस आहेत. दुचाकी किंवा चारचाकी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षांची, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल आणि दुरुस्ती यांपुरतीच काढायची. सगळं ठीक. पण पंधरा आणि पन्नास यांच्यामध्ये पस्तीस वर्षं उरतात. तेवढ्या वर्षांत गाडीला सात वेळा नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहायचं आहे, आणि प्रत्येक वेळी तिची गणना धूर सोडणाऱ्या कुठल्याही खटाऱ्यासोबत होणार आहे. भारतात आरडी बनली ती १९८३ ते १९८९ या काळात. म्हणजे त्यातली सगळ्यात थोरली २०३३ साली व्हिंटेज होईल. तोवर किती उरतील, हे कबाड्याचा काटा सांगेल.

माझं म्हणणं असं की ही अट पन्नासवरून तीस वर्षांवर आणावी. युरोपीय संघाच्या २०१४ च्या वाहन तपासणीच्या निर्देशात ऐतिहासिक वाहनाची मर्यादा तीसच वर्षांची आहे. सोबत दोन शर्ती: तसं वाहन आता बनत नसावं आणि ते मूळ स्थितीत जपलेलं असावं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं झाली की रस्ता कर माफ होतो. आपण पन्नासचा आकडा धरला, तेव्हा नजरेसमोर राजेरजवाड्यांच्या मोटारी असाव्यात. ज्या गाड्या आपल्याच कारखान्यांत, आपल्याच कामगारांनी जोडल्या, त्यांचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

इथे एक कबुली देऊन टाकतो. मी 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांतला नाही. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्या एप्रिल २०२३ पासून नोंदणीतून काढायला सुरुवात झाली, तेव्हा मला बरंच वाटलं. काळा धूर ओकणारा ट्रक, ब्रेक दाबल्यावर प्रवाशांना देव आठवायला लावणारी बस, यांना भंगारात पाठवणं हे पुण्यकर्म आहे. रस्ते वाहतूक खात्याचे केंद्रीय मंत्री आपल्याच नागपूरचे खासदार आहेत, आणि त्यांच्या भंगार धोरणाचा गाभा मला पटतो. न पटणारी गोष्ट एवढीच, की वय हे एकच माप लावलं की ट्रक आणि आरडी एका ओळीत उभे राहतात.

आता आरडीत असं काय आहे, हे सांगायला थोडं लांब जावं लागेल. पूर्व जर्मनीत च्शोपाऊ नावाचं एक गाव आहे. युद्धाआधी तिथे डीकेडब्ल्यू मोटारसायकली बनायच्या. त्यातल्या एका १२५ सीसीच्या साध्या गाडीची नक्कल जगभर झाली, आणि यामाहाची पहिलीवहिली मोटारसायकल, १९५५ ची वायए-१, तीही त्याच गाडीवरून बेतलेली. युद्धानंतर त्याच कारखान्यात एमझेडच्या गाड्या बनू लागल्या आणि तिथे वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर टू-स्ट्रोकच्या मागे लागला.

आरडीचं इंजिनही टू-स्ट्रोकच. अशा इंजिनाची गोम अशी, की त्यात फोर-स्ट्रोकसारखे झडपांचे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, त्यांना आपले मिस्त्री पोर्ट म्हणतात, आणि पिस्टन वरखाली जाताना तीच भोकं उघडतो नि झाकतो. जळालेला धूर बाहेर पडत असतानाच ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. म्हणजे दार एकाच वेळी पाहुण्यांसाठीही उघडं आणि जाणाऱ्यांसाठीही. साहजिकच येणाऱ्यांतले काही आल्या पावली निघून जातात. पेट्रोल वाया जातं ते इथून. निळसर धूर येतो तो पेट्रोलसोबत जळणाऱ्या तेलातून.

काडेननं या गळतीवर धुराचीच लाट वापरली. सायलेन्सरचा नळा आधी पसरट होत जाणारा, मग पुन्हा निमुळता होत जाणारा केला. धुराचा दाब लाटेसारखा धावतो. पसरट भागातून परत येणारी लाट सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते, आणि निमुळत्या भागावर आपटून येणारी लाट बाहेर निघालेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा ढकलून घालते. एकही हलता भाग नाही, नुसता वाकवलेला पत्रा. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनातून २५ हॉर्सपॉवर निघू लागले होते. म्हणजे इंजिनच्या आकारमानाच्या लिटरमागे दोनशे. त्या काळात तो आकडा ऐकून लोकांना थट्टा वाटली असेल.

त्याच वर्षी त्याचा मुख्य रायडर अर्न्स्ट डेगनर जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर असताना स्वीडनच्या शर्यतीतून पळाला. पूर्व जर्मनी सोडली आणि तडक सुझुकीकडे गेला. जाताना डोक्यात सगळं घेऊन गेला. पुढच्या वर्षी सुझुकीनं त्याच्यासोबत ५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं, आणि दशक सरायच्या आत ही विद्या सगळ्या जपानी कारखान्यांत पोचली. म्हणजे यामाहाला पहिली गाडी ज्या गावानं दिली, तिला धावायला शिकवणारी विद्याही त्याच गावातून निघाली. फक्त दुसऱ्यांदा ती चोरवाटेनं आली.

यामाहाची चाल हुशारीची होती. शर्यतीची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांची घराणी तिनं वेगळी ठेवली नाहीत. रस्त्यावरच्या इंजिनाचा क्रँककेस शर्यतीत न्यायचा, शर्यतीत मोडलेलं सुधारून रस्त्यावर परत आणायचं. १९७२ साली अमेरिकेत डेटोनाची २०० मैलांची शर्यत डॉन एमडी नावाच्या रायडरनं यामाहाच्या एअर-कूल्ड ३५० वर जिंकली, समोर ७५० सीसीची धेंडं असताना. पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, शर्यतीसाठी वॉटर-कूल्ड टीझेड ३५० आली आणि रस्त्यासाठी आरडी ३५०. दोघी बहिणी. १९७४ चं ३५० सीसीचं जगज्जेतेपद जाकोमो अगोस्तिनीनं यामाहावरच मिळवलं.

आरडीत नवं होतं ते रीड व्हॉल्व्ह. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये पोलादाच्या पातळ पाकळ्या; इंजिननं ओढ घेतली की उघडतात, उलटा दाब आला की आपोआप मिटतात. त्यामुळे कमी फेऱ्यांवर मिश्रण कार्बोरेटरकडे परत फेकलं जात नाही आणि गाडी शहरातही गुमान चालते. मिनिटाला पाच हजारांच्या पुढे फेऱ्या गेल्या की मात्र तिचा स्वभाव बदलतो. ज्यानं ते अनुभवलंय त्याला सांगायला नको. ज्यानं नाही, त्याला सांगून उपयोग नाही.

आपल्याकडे ही गाडी एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये आणली. हीच कंपनी १९६२ पासून पोलंडच्या एसएचएलवरून बेतलेली राजदूत १७५ बनवत होती, ती दूधवाल्यांची आणि ग्रामसेवकांची गाडी. त्याच नावाखाली एकदम ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. मूळ जपानी आरडीची ताकद ३९ हॉर्सपॉवर होती. आपल्याकडे पेट्रोल वाचावं म्हणून पोर्ट आणि नळे आवळून ती साडेतीसवर आणली, नंतरच्या लो टॉर्क मॉडेलमध्ये आणखी खाली, सत्तावीसच्या आसपास. पुढची डिस्क जाऊन ड्रम ब्रेक आला. तरीही त्या दिवसांत बुलेट ३५० अठरा हॉर्सपॉवरची होती, हे लक्षात घ्या. 'राजदूत की यमदूत' हा विनोद उगीच झाला नाही. इंजिन शर्यतीचं, ब्रेक संसारी.

गाडी चालली नाही. "ॲव्हरेज किती?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि आपल्याकडे त्या प्रश्नावर सोयरिकी मोडतात, गाडीचं काय घेऊन बसलात. पण मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर, जिथे तेव्हा देशातल्या शर्यती व्हायच्या, तिथे तिनं एक पिढी घडवली. रायडर घडले, त्याहून महत्त्वाचं म्हणजे ट्यूनर घडले. कानसनं पोर्ट घासून लाटेचं गणित हातानं सोडवणारी माणसं. त्यांतले बरेच शाळेत फार शिकलेले नव्हते.

नागपुरात अशा विद्येला उन्हाळा शिकवतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत एअर-कूल्ड टू-स्ट्रोक चालवणं म्हणजे परीक्षा. सिलिंडर गार करायला हीच भट्टीतली हवा. क्रँकचं ऑइल सील थोडं जरी गेलं तरी तिथून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून फुगतो आणि वर्धा रोडवर भर दुपारी मागचं चाक जाम होतं. माझ्या आरडीचं दोनदा झालं आहे. सक्करदऱ्याचे आमचे मिस्त्रीकाका उन्हाळा लागायच्या आधी ऑइल पंपाची तार एका आट्यानं जास्त ओढून ठेवतात. "भाऊ, थे गाडी तेल मागते आणि तुम्ही तिले कारणं सांगता," हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य. इंजिनाचा आवाज ऐकून कोणत्या सिलिंडरचं सील गेलं हे ते सांगतात. ही गाडी गेली की हा कानही जाईल, कारण तो कान दुसऱ्या कोणत्या इंजिनावर तयार होत नाही.

जगात शर्यतीच्या पोटातून आलेल्या गाड्यांचं काय होतं हेही बघा. होंडाची आरसी ३०, १९८७ ची. सुपरबाइकच्या शर्यतीत उतरायचं तर तीच गाडी ठरावीक संख्येनं लोकांना विकलीही पाहिजे, असा नियम. म्हणून होंडानं आपल्या सहनशक्तीच्या शर्यतींतली व्ही-फोर इंजिनाची गाडी जवळजवळ तशीच रस्त्यावर आणली: टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट फिरवायला साखळीऐवजी गिअर, आणि मागचं चाक झटकन बदलता यावं म्हणून एकाच बाजूचा स्विंगआर्म. १९८८ आणि ८९ च्या पहिल्या दोन्ही जागतिक सुपरबाइक स्पर्धा फ्रेड मर्केलनं तिच्यावर जिंकल्या. आज ती संग्रहालयांत आहे, आणि रस्त्यावरही आहे, परवान्यासह. आपल्याकडे तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी साधारणपणे आयातच करता येत नाही, त्यामुळे आरसी ३० आपण फोटोतच बघायची. जे बाहेरून येऊ शकत नाही त्याबद्दल हळहळ नाही. पण शर्यतीच्या रक्ताची जी एक गाडी आपण स्वतः इतक्या संख्येनं बनवली, तिलाही आपण किलोच्या भावानं तोलतो आहोत.

आता धुराचा मुद्दा, आणि तो खरा आहे. जाताना वाया जाणारं पेट्रोल आणि जळणारं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल फुप्फुसांसाठी वाईटच. कोराडीच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांकडे बोट दाखवून आरडीवाल्यांना सुटता येणार नाही. शेजाऱ्याच्या घरात कचरा जास्त म्हणून आपला रस्त्यावर टाकायचा नसतो. म्हणूनच व्हिंटेजच्या नियमातली वापराची बंदी मला हवी आहे. रोज ऑफिसला आरडीनं जाण्याचा हक्क मी मागत नाही. रविवारी सकाळी फुटाळा तलावापर्यंत, वर्षातून एखाद्या रॅलीला रामटेकपर्यंत, आणि मिस्त्रीकडे. वर्षाला काही शे किलोमीटर. मर्यादा घाला, मीटरची नोंद ठेवा. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, नीरी, आपल्याच शहरात आहे. तीस वर्षांपुढची टू-स्ट्रोक नेमकी किती सोडते, कोणत्या तेलावर कमी सोडते, हे मोजून नियम करा. अंदाजानं दिलेली सूट मला नको, तशी अंदाजानं केलेली शिक्षाही नको.

आमच्या बाजूच्या लोकांनाही चार शब्द ऐकवले पाहिजेत. आरडी जपतो म्हणणाऱ्यांतले अर्धे तिचं वाटोळं करतात. कापलेले सायलेन्सर, भडक क्रोम, कुठल्या तरी परदेशी गाडीचा पुढचा फोर्क आणि वर 'रिस्टोर्ड' अशी पाटी. लाटेच्या गणितावर चालणाऱ्या गाडीचा नळा आवाजासाठी कापणं हा इंजिनचाच अपमान आहे, शेजारपाजारचा तर आहेच. अशा गाडीला ऐतिहासिक म्हणून सवलत द्यायची काहीच गरज नाही. मूळ रूपाची अट तीस वर्षांनाही तितकीच कडक हवी. आणि किमती. कालपर्यंत कोपऱ्यात सडणारी गाडी आज कागदांसह असली तर लोक लाखात बोलतात. सवलत मिळाली तर उद्या आणखी चढतील, हे मला दिसतं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. एवढंच म्हणता येईल, की महाग झालेली वस्तू कोणी कबाड्याकडे टाकत नाही.

तीस वर्षांची अट केली तर हौशी श्रीमंतांच्या जोडीला कोणीही लूना घेऊन येईल, असा एक आक्षेप मी ऐकला आहे. येऊ दे की. १९७२ पासून लूनानं या महाराष्ट्रातल्या किती शिक्षिका, किती पोस्टमन, किती कॉलेजकुमार वाहिले असतील! मूळ रूपात जपलेली लूना हा आरडीइतकाच आपला इतिहास आहे, फक्त तिला आवाज कमी. मोतीबागेत रेल्वेनं नॅरोगेजचं संग्रहालय केलं, तेव्हा छोट्या इंजिनाला कोणी विचारलं नाही की तू किती वेगानं जायचीस. शाळेतली पोरं तिथे जातात, चाकाला हात लावतात, वाफेचं गणित विचारतात. पण रेल्वेचं इंजिन रेल्वेचंच होतं, म्हणून वाचलं. मोटारसायकली लोकांच्या अंगणात असतात. त्या सरकारनं जपाव्यात अशी माझी मागणी नाही. लोक जपताहेत, त्यांना कागदांनी हरवू नये.

कागदांचंही सांगतो. माझ्या आरडीची नोंद जुन्या वहीतून संगणकात उतरवताना कोणीतरी सिलिंडरची संख्या 'एक' लिहिली. दुरुस्तीला गेलो तर खिडकीवरच्या माणसानं शांतपणे सांगितलं की मूळ वही दाखवा. मूळ वही त्यांच्याच कार्यालयात, आणि तिची पानं वाळवीनं खाल्लेली. मी इंजिनाचा फोटो दाखवला, त्यात दोन सिलिंडर स्पष्ट दिसत होते. तो म्हणाला, "सर, फोटो चालत नाही." सरकारच्या लेखी माझी गाडी आजही अर्धीच आहे. त्यामुळे अट तीसची करताना जुन्या नोंदींसाठी गाडी समोर उभी करून, इंजिन आणि चासी नंबर बघून दुरुस्ती करायची सोय हवी. त्याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

कबाड्याकडचे ते दोन सिलिंडर मी तिथे सोडले नाहीत. आतला लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी, लोखंडाचा; बाहेरचं अ‍ॅल्युमिनियम; दोन्ही धातू वेगळे करायला तो ते घणानं फोडणारच होता. कूलरच्या टाकीचे पैसे वळते करूनही मलाच खिशात हात घालावा लागला. सक्करदऱ्याला नेले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, बोअरमध्ये बोट फिरवलं, मग गेज घातला, मग पुन्हा बोट फिरवलं.

"फिन तुटली थे वेल्डिंगनं होऊन जाईन," ते म्हणाले. "लायनर चांगला आहे. अजून एक ओव्हरसाइज पिस्टन बसते याच्यात."

आणि दोन्ही सिलिंडर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवले.